दबा धरून केलेली मृगया : वऱ्हाडच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक विचार

मृगया आणि पारध हे दोन शब्द आपण सामान्यतः एकाच अर्थाने योजतो. परंतु दोहोंच्या पोटी दोन भिन्न वृत्ती दडलेल्या आहेत. 'मृगया' या शब्दाच्या मुळाशी शोधणे, माग काढणे या अर्थाचा धातू आहे. 'पारध' हा शब्द प्राकृतातील 'पारद्धि' या रूपावरून आला आणि त्याचे संस्कृत रूप 'पापर्द्धि', म्हणजे पापाची समृद्धी, असे सांगितले जाते. एकाच कृत्यास राजदरबारात शोध म्हणावे आणि साधुजनांनी पाप म्हणावे, हा विरोध आपल्या भाषेनेच आपल्यासाठी जपून ठेविला आहे. या विरोधाचे मूळ कोठे आहे, आणि आज भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूर या बाजूच्या शेतकऱ्यास त्यापासून काही बोध घेता येईल काय, याचा यथामती विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

मृगयेचे प्रकार अनेक आहेत. घोड्यावरून पाठलाग करणे, कुत्री सोडणे, हाका करून जनावरे एका बाजूस लोटणे, शिकवलेला चित्ता सोडणे, हे सर्व राजेरजवाड्यांचे प्रकार झाले. त्यांस मनुष्यबळ व द्रव्यबळ लागते. ज्याच्यापाशी यांतील काहीच नाही, केवळ एक बांबूचे धनुष्य व चार बाण आहेत, त्याच्यासाठी एकच मार्ग उरतो. तो म्हणजे हरिण जेथे येणार तेथे आधी जाऊन, झुडपाच्या, दगडांच्या अथवा खड्ड्याच्या आडोशास दबा धरून बसणे. ही गरिबाची मृगया होय. मानवजातीच्या अतिप्राचीन विद्यांपैकी ही एक विद्या आहे, आणि तिचाच विचार येथे मुख्यत्वेकरून करावयाचा आहे.

भोजकटाची भूमी

रुक्मिणीहरणाची कथा आपणा वऱ्हाडवासीयांस घरची आहे. श्रीकृष्णाकडून पराभव पावलेला रुक्मी लज्जेने कुंडिनपुरास परतला नाही. त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसविले. हे भोजकट म्हणजेच अमरावतीच्या पश्चिमेकडील आजची भातकुली, असे परंपरा मानते आणि अभ्यासकांचेही मत त्यास अनुकूल आहे. वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा अचलपूरजवळील चम्मक येथे जो ताम्रपट सापडला, त्यात भोजकट राज्याचा स्पष्ट उल्लेख आहे. भातकुलीस आदिनाथ भगवंतांचे प्राचीन जैन क्षेत्रही आहे. क्षत्रियांच्या नावाने ओळखली जाणारी ही भूमी अहिंसेचेही स्थान आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे होय.

भूगोलदृष्ट्या हा प्रदेश पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मोडतो. काळी, खोल जमीन, वर विस्तीर्ण सपाटी, झाडी विरळ, आणि विहिरीस लागणारे पाणी खारट. असे उघडे, सपाट रान काळविटास प्रिय असते. शास्त्रदृष्ट्या काळवीट हे खरे हरिण नव्हे. खऱ्या हरणांची, म्हणजे चितळ-सांबरांची, शिंगे गळून पुनः येतात. काळविटाची पीळदार शिंगे आयुष्यभर तीच राहतात. लोकव्यवहारात मात्र आपण त्यास हरिणच म्हणतो आणि या लेखातही तसेच म्हटले आहे. ज्या मुलुखात पाणी खारे, तेथे वैशाखाच्या उन्हात गोड्या पाण्याची ठिकाणे मोजकीच उरतात. जनावर कितीही चपळ असो, त्यास त्या ठिकाणी यावेच लागते. दबा धरणाऱ्याचे सारे गणित या एका 'यावेच लागते' वर उभे आहे.

उत्तरेस सातपुडा आहे. मोर्शीच्या वर, अमरावती जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या धारूळ परिसरातील अंबादेवीच्या गुहांत २००७ साली अमरावतीच्या निसर्गप्रेमी मंडळींना प्रागैतिहासिक शैलचित्रे आढळली. त्याहून प्रसिद्ध अशी भीमबेटकाची चित्रे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली उजेडात आणली. तेथे धनुष्यबाण घेतलेले शिकारी आणि हरणांचे कळप पाषाणावर रेखाटलेले आहेत. शेती, गाव, राज्य, लिपी यांपैकी काहीही ज्या काळी नव्हते, त्या काळीही माणूस हरणाकडे टक लावून पाहत होता, एवढे तरी त्या चित्रांवरून निःसंशय सिद्ध होते.

आडोशाचे शास्त्र

दबा धरणे म्हणजे लपून बसणे, इतकीच त्याची व्याख्या करणे हे अज्ञान ठरेल. त्यात चार गोष्टींचे ज्ञान लागते.

पहिली गोष्ट वारा. चितळ, सांबर यांचे नाक फार तीक्ष्ण. वारा शिकाऱ्याकडून जनावराकडे वाहत असेल, तर आडोसा कितीही दाट असला तरी व्यर्थ. म्हणून आडोसा नेहमी अशा बाजूस करावा लागतो की वारा पाणवठ्यावरून शिकाऱ्याच्या तोंडावर यावा. काळविटाची भिस्त मात्र डोळ्यांवर अधिक. त्यास उघड्या रानात हालचाल फार दुरून दिसते. म्हणून एकाच रानात दोन जनावरांसाठी दोन निराळे आडोसे लागतात.

दुसरी गोष्ट वाट. जनावरे मनास येईल तिकडून येत नाहीत. त्यांच्या ठराविक वाटा असतात. काळविटाचा नर तर आपल्या हद्दीत ठराविक जागीच पुनःपुनः लेंड्या टाकतो, आणि जाणत्यास त्या ढिगावरून त्याचा मुक्काम कळतो.

तिसरी गोष्ट अंतर, आणि येथे थोडे अंकगणित करणे मनोरंजक होईल. साध्या धनुष्यातून सुटलेल्या बाणाचा वेग सेकंदास सुमारे ५० मीटर धरला, तर २५ मीटरवरील हरणापाशी पोहोचण्यास त्यास अर्धा सेकंद लागतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर. म्हणजे प्रत्यंचेचा टणत्कार त्याच हरणाच्या कानी सेकंदाच्या चौदाव्या हिश्श्यात पोहोचतो. बाण येण्यापूर्वी हरणास जवळजवळ चारदशांश सेकंदाचा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात ते खाली दबून उसळी घेऊ शकते. म्हणूनच धनुर्धरास वीस-पंचवीस पावलांच्या आत येणे भाग पडते. आणि उघड्या माळावर हरिण त्यास एवढे जवळ येऊ देत नसल्यामुळे, त्यालाच हरणाच्या वाटेवर आधी जाऊन अदृश्य व्हावे लागते.

चौथी गोष्ट धीर. बाण लागताच जनावर कोसळत नाही. बंदुकीच्या गोळीप्रमाणे बाणाचा धक्का बसत नाही. तो रक्तस्रावाने मारतो. जखमी जनावर धावत सुटते. अशा वेळी उतावळेपणे मागे धावल्यास ते अधिकच दूर जाते आणि कोठेतरी तडफडून मरते. खरा व्याध थांबतो, मग रक्ताचे थेंब व खुरांचे ठसे पाहत पाहत माग काढतो. मारलेल्या जीवास अर्धमेला सोडू नये, हा या विद्येचा पहिला धर्म होता.

राजांनीही या पद्धतींची नोंद घेतली आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजविनोदांमध्ये मृगयेच्या अनेक रीतींचे वर्णन आहे. अबुल फजलच्या 'आईने अकबरी'त तर हरणांच्या शिकारीचे प्रकार एकामागून एक सांगितले आहेत. दिवा व घंटा यांच्या योगे रात्री हरणांस भुलवून आडोशातील धनुर्धरांनी मारणे, अंगास हिरव्या डहाळ्या बांधून व धनुष्यबाणही पानांत लपवून हरणांच्या वाटेवर जाणे, हे प्रकार त्यात आहेत. बादशहा जे करमणुकीसाठी करीत होता, तेच वनवासी पोटासाठी करीत होता. विद्या एकच होती.

चुकलेल्या बाणाच्या कथा

आता आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. दबा धरणाऱ्यास एक विलक्षण अधिकार प्राप्त होतो. तो पाहतो, पण दिसत नाही. समोरचा जीव निःशंक असतो. हा अधिकार किती भयंकर आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. म्हणून आपल्या पुराणेतिहासात आडोशातून सुटलेल्या बाणाच्या ज्या कथा आल्या आहेत, त्यांत तो बाण बहुतेक वेळा भलत्यासच लागला आहे!

श्रावणकुमाराची कथा मुलांना सांगितली नाही असे घर महाराष्ट्रात विरळा. तरुण दशरथ रात्री शरयूतीरी पाणी पिण्यास येणाऱ्या श्वापदांसाठी दबा धरून बसला होता. अंधारात घट बुडाल्याचा शब्द आला. तो हत्तीचा समजून त्याने शब्दवेधी बाण सोडला आणि अंध मातापित्यांचा एकुलता आधार धुळीस मिळविला. कालिदासाच्या 'रघुवंशा'प्रमाणे दशरथाची माता इंदुमती ही विदर्भाच्या भोजकुळातील राजकन्या. म्हणजे हा दशरथ आपल्या विदर्भाचा दौहित्रच ठरतो. त्याच्या त्या एका बाणाचे फळ पुढे रामाच्या वनवासाच्या रूपाने साऱ्या अयोध्येस भोगावे लागले.

बौद्धांच्या जातकांतही याच धर्तीची श्यामजातकाची कथा आहे. वाराणसीचा राजा नदीकाठी हरणांच्या पाणवठ्यावर लपून बसतो. अंध आईबापांसाठी पाणी नेण्यास आलेला श्याम हरणांच्या मेळ्यात वावरताना त्यास दिसतो. हा कोण, मनुष्य की देव, या कुतूहलापोटी राजा विषारी बाण सोडतो. ही कथा अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात आणि पुनः सतराव्या लेण्यात चित्रित केलेली आहे. सतरावे लेणे वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळातील. आणि त्या वाकाटक शाखेची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम. आपल्याच मुलुखातील राजसत्तेच्या छायेत चित्रकारांनी ही कथा भिंतीवर काढावी, हे अर्थपूर्ण आहे. त्या लेण्यांस भेट देणाऱ्यांत मृगयाप्रिय राजपुरुषही असतीलच.

महाभारतात पांडूने हरणाच्या जोडप्यावर बाण टाकला. ते हरिण नव्हते. मृगरूप घेतलेला किंदम ऋषी होता. त्याने पांडूस जो शाप दिला त्यात, मृग मारल्याबद्दल आपला रोष नाही, परंतु मैथुनाच्या समयी मारल्याबद्दल आहे, असा भेद केला आहे. शेवटी यदुकुलाच्या नाशानंतर वनात पहुडलेल्या श्रीकृष्णाचे पाऊल जरा नावाच्या व्याधास हरणासारखे भासले आणि त्याचा बाण त्या पावलास लागला. रामाने आडून मारलेल्या वालीने जेव्हा जाब विचारला, तेव्हा माणसे पाश टाकून, लपून अथवा उघडपणे मृगांस मारतातच, असे उत्तर त्यास मिळाले. पण या उत्तराने आजतागायत सर्वांचे समाधान झालेले नाही, हेही तितकेच खरे.

या कथांचा इत्यर्थ काय? मृगया सर्वस्वी निषिद्ध आहे, असे त्या सांगत नाहीत. कौटिल्यासारख्या व्यवहारी पुरुषाने मृगयेस व्यसनांत गणूनही तिचे लाभ मोकळ्या मनाने मांडले आहेत. तीमुळे व्यायाम होतो, कफ-पित्त-मेद कमी होतात, स्थिर व चल लक्ष्यावर नेम बसतो आणि प्राण्यांचे भय व क्रोध यांची पारख होते, असे तो म्हणतो. तेव्हा आक्षेप शस्त्रास नाही. आक्षेप न पाहता सोडलेल्या बाणास आहे. दशरथाने ऐकले, पाहिले नाही. राजाने श्यामास पाहिले, ओळखले नाही. पांडूने ओळखले, पण समय पाळला नाही. पाहावे, ओळखावे आणि समय पाळावा, या तीन मर्यादा या कथांतून निघतात. ज्याचे अंग लपलेले आहे त्याचे डोळे दुप्पट उघडे असले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे.

'रघुवंशा'च्या नवव्या सर्गात कालिदासाने याच दशरथाचे दुसरे एक चित्र दिले आहे. राजाने हरणावर बाण जोडला असता त्या हरणाची सहचरी आड येऊन उभी राहिली. राजाचे मन द्रवले आणि आकर्ण ओढलेला बाण त्याने परत घेतला. ओढलेला बाण परत घेता येणे, हीच धनुर्धराच्या सामर्थ्याची खरी कसोटी होय.

राजसत्तेनेही वेळोवेळी ही मर्यादा पुढे नेली. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केल्या, असे अशोकाने आपल्या आठव्या शिलालेखात सांगितले. त्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सापडला. राजाच्या पाकशाळेत पूर्वी लाखो प्राणी मारले जात. पुढे दोन मोर व एक हरिण एवढ्यावर ते आले आणि ते हरिणही नित्य नव्हते, असा हिशेब पहिल्या शिलालेखात आहे. विदर्भातच चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथे एक प्राचीन शिलालेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या वाचनाप्रमाणे त्यात प्राण्यांना पकडणे व मारणे यांस मनाई केलेली आहे. पुढे तेराव्या शतकात, ज्यांचे चरित्र ऋद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केले, त्या श्रीचक्रधरांच्या मांडीखाली शिकाऱ्यांनी पिटाळलेला एक ससा येऊन दडला आणि स्वामींनी शरणागत म्हणून तो राखला. मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात ही लीळा यावी, हे आपले भाग्यच म्हटले पाहिजे.

फासेपारधी व त्यांची विद्या

वऱ्हाडच्या सपाटीवर हरणाच्या शिकारीचे ज्ञान ज्या समाजापाशी पिढ्यान्‌पिढ्या होते, तो फासेपारध्यांचा समाज होय. त्यांचे मुख्य साधन धनुष्य नव्हे, तर फासे. पण आडोशाचे शास्त्र त्यांनी ज्या थरास नेले तेथवर क्वचितच कोणी पोहोचले असेल. त्यांचा आडोसा चालता असे! शिकवलेला बैल अथवा गाय चरत चरत पुढे जाई आणि तिच्या आडून पारधी कळपाच्या जवळ सरके. चरणाऱ्या गुराची काळविटास भीती नसते, हे ज्ञान त्या युक्तीच्या मुळाशी आहे. कळपाच्या वाटेवर ओळीने खुंट्या मारून फासे लावीत व कळप हळूहळू त्या बाजूस वळवीत. बैलबंडीची काळविटास सवय असते, हे पाहून पुढे इंग्रज शिकारीही बंडीच्या आडून बंदूक चालवू लागले.

या समाजाच्या वाट्यास काय आले, तेही सांगणे प्राप्त आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याच्या जाळ्यात पारध्यांचे अनेक गट सापडले. जन्मतःच माणूस गुन्हेगार ठरू लागला. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला. परंतु गावोगावच्या मनांतील कायदा रद्द झाला नाही. कोठे चोरी झाली की पहिली बोटे पारध्यांच्या पालाकडे वळतात. आपल्या मंडळाच्या सभासद कुटुंबांनी या बाबतीत स्वतःच्या मनास प्रश्न विचारून पाहावा, अशी नम्र सूचना आहे. याच अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांसाठी २०१२ पासून मतीन भोसले यांनी 'प्रश्नचिन्ह' नावाची शाळा चालविली, आणि अकोला-वाशिम भागात याच समाजातील मंडळींनी तणमोर व गवताळ रानांच्या रक्षणाचे काम अंगावर घेतले, हे वाचून कोणाही शिक्षकास समाधान वाटेल. जो हरणाचा माग काढू शकतो, तोच हरणाचा उत्तम राखणदार होऊ शकतो.

याच तऱ्हेची एक कथा दूरच्या अमेरिकेत घडली. १९११ साली कॅलिफोर्निया प्रांतात याही जमातीचा शेवटचा उरलेला माणूस रानातून एकटाच बाहेर आला. त्याचे नाव इशी असे नोंदले गेले. सॅक्सटन पोप नावाच्या डॉक्टराने त्याच्याकडून धनुष्यबाण व आडोशाची विद्या शिकून घेतली. शिकारीच्या आदल्या दिवशी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. पहाटे ओढ्यात स्नान करून अंगास सुगंधी पाने चोळी, जेणेकरून मनुष्याचा वास हरणास येऊ नये. १९१६ साली इशी वारला. १९२३ साली पोप यांचा धनुष्यबाणाच्या शिकारीवरील ग्रंथ निघाला. आणि १९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुष्यबाणाने हरिण मारण्याचा स्वतंत्र हंगाम ठरवून दिला. आज त्या देशात परवाना घेऊन, ठराविक दिवसांत, ठराविक संख्येने, कापडी तंबूच्या आडोशातून लोक हरणे मारतात. तेथे मर्यादा सरकारी नियमांनी घातली आहे. इशीने ती स्वतःच्या व्रताने घातली होती. मर्यादा मात्र दोन्हीकडे आहे.

बंदूक, मोटार आणि कायदा

आपल्याकडे ही मर्यादा सुटली ती बंदूक आणि मोटार यांच्या संगमाने. धनुर्धरास वीस पावलांवर यावे लागे, म्हणून शंभरांतून नव्वद हरणे निभावून जात. बंदुकीने ते अंतर वाढविले. जीपगाडी व प्रखर दिवा आल्यावर तर धीर, वारा, वाट या कशाचीच आवश्यकता उरली नाही. दिव्याच्या झोतात डोळे दिपून उभ्या राहिलेल्या हरणास मारण्यात कोणती विद्या आहे? त्या काळी कायदे नव्हते असे नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९३५ चा शिकारविषयक कायदा होता, मुंबई राज्यात १९५१ चा वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा होता. पण रात्रीच्या माळावर कायदा पाहण्यास कोण जाणार?

अखेर १९७२ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला. काळवीट व चिंकारा यांना त्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ज्या इतर प्राण्यांची शिकार परवान्याने करता येत असे, तिच्यावरही या कायद्याने अटी घातल्या. सूर्यास्तानंतर शिकार नाही. कृत्रिम दिव्याने शिकार नाही. आणि पाणवठ्यावर, चाटणीच्या जागी अथवा तेथे जाणाऱ्या वाटेवर शिकार नाही! श्रावणाच्या कथेने जे सांगितले तेच संसदेने कलमात घातले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तहानलेल्या जीवाच्या असहायतेचा लाभ घेऊ नये, हे त्या अटीचे मर्म होते. पुढे १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली आणि त्या अटींचे कलमही गळाले. १९७३-७४ मध्ये मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक झाला. २००० साली कारंजा-सोहोळ येथे खास काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. आज पहिल्या अनुसूचीतील प्राणी मारल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. तेव्हा हरणाच्या पाणवठ्यावर आडोसा करून बसणाऱ्यास आता कॅमेरा घेऊनच बसता येईल, आणि तेच उचित आहे.

तारेचा दबा

येथपर्यंतचा इतिहास वाचून कोणी शेतकरी बंधू विचारील : "गुरुजी, हे सर्व ठीक; पण माझ्या हरभऱ्याचे काय?" हा प्रश्न खोटा नाही. कळप एका रात्रीत तुरीचे शेंडे खाऊन जातो, रोही उभे पीक तुडवितो, रानडुक्कर उरलेले उकरून टाकते. पेरणीचे कर्ज डोक्यावर असलेल्या माणसास अशोकाचा शिलालेख वाचून दाखविणे ही क्रूर थट्टाच होईल. शहरात राहून वन्यजीवांवर प्रेम करणे सोपे आहे. त्या प्रेमाचे मोल मात्र शेताच्या धुऱ्यावर वसूल होते. म्हणून शेतकऱ्याचे नुकसान समाजाने व शासनाने वेळेवर आणि पुरेसे भरून दिले पाहिजे, याविषयी प्रस्तुत लेखकास यत्किंचितही शंका नाही.

परंतु गेल्या काही वर्षांत एक घातक प्रथा विदर्भात बोकाळली आहे. शेताभोवती उघडी तार बांधावयाची आणि तीत खांबावरील विजेचा प्रवाह सरळ सोडून घरी जाऊन निजावयाचे. या तारेस स्पर्श होऊन हरणे मेली, वाघ-बिबटेही मेले; आणि माणसेही मेली. पहाटे शेतात गेलेला शेजारी, गुरे शोधणारा गुराखी, स्वतः तार लावणाऱ्याच्या घरातीलच कोणी. वर्तमानपत्रे उघडून पाहावीत.

मृगयेच्या दीर्घ इतिहासाकडे पाठ फिरविल्याखेरीज कोणास ही तार लावता यावयाची नाही. तार हाही एक दबाच आहे. पण या दब्यात कोणी बसलेला नाही. दशरथाने निदान ऐकून बाण सोडला. तार ऐकतही नाही. जरा व्याधाने निदान पाहिले, जरी चुकीचे पाहिले. तारेस डोळेच नाहीत. कालिदासाच्या राजास ओढलेला बाण परत घेता आला. रात्रभर वाहणारा प्रवाह परत कोण घेणार? पाहणे, ओळखणे, समय पाळणे या तिन्ही मर्यादा तारेने एकदम ओलांडल्या आहेत. आणि मनुष्य दगावल्यास कायदा तार लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा धरतो, तेव्हा पीक वाचविण्यासाठी लावलेली तार सारे घर बुडविते.

यास पर्याय नाहीत असे नाही. सौरशक्तीवर चालणारे, क्षणिक झटका देऊन जनावरास परतविणारे कुंपण आता मिळते, त्यास लोक 'झटका मशीन' म्हणतात. झटका बसतो, जीव जात नाही. सौर कुंपणासाठी शासनाच्या अनुदानाच्या योजनाही आहेत. नुकसानीची भरपाई वनखात्याकडे मागता येते. अर्ज वेळेत व पंचनाम्यासह केला पाहिजे. पूर्वीची सामुदायिक जागलही अद्याप निरुपयोगी झालेली नाही. चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीने मचाणावर रात्र काढणे हे एकट्याने तार लावण्यापेक्षा कष्टाचे खरे. पण त्यात माणूस जागा असतो, आणि सर्व भेद येथेच आहे.

म्हणून ज्ञातिबांधवांस हात जोडून एवढीच विनंती आहे की, आपल्या मंडळाच्या गावोगावच्या शाखांनी येत्या रब्बीपूर्वी बैठका घ्याव्यात. ज्यांच्या शेतात अशी तार असेल त्यांना चारचौघांत दोष न देता घरी जाऊन समजवावे, ती काढून घ्यावी, आणि सौर कुंपणाचे अर्ज भरण्यास तरुणांनी वडीलधाऱ्यांस साह्य करावे. भरपाईचे प्रस्तावही एकेकट्याने न देता मंडळाच्या पत्रासह एकत्र द्यावेत. शाळा-महाविद्यालयांत शिकणाऱ्या आपल्या मुलांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. भोजकटाच्या या भूमीत कोणाही मातापित्यांचा श्रावण पुनः अंधारात पडू नये, एवढे जरी यातून साधले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.